गुरुजींच्या घरचा कागद

खासबाग, बेळगाव
१४ जून १९८४

आक्का,

पाकिटावरचं अक्षर माझंच आहे. आई बरी आहे, आण्णाही ठीक आहेत, तेव्हा घाबरू नकोस. न वाचता ठेवूनही देऊ नकोस. तू धारवाडला गेल्यापासून मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितेय ती कामासाठी. राग आला तर बरोबरच आहे. राग आला तरी पुढं वाच.

काम अंजीचं आहे. अंजी जेवत नाही.

म्हणजे आमच्याबरोबर पानावर बसते. भाकरीचे इतके बारीक तुकडे करते की चिमण्यांना घालायचेत असं वाटावं. ते ताटभर पसरते, आमटीत बोट बुडवते, पाणी पिते आणि उठते. आधी आम्ही म्हणालो पीयूसीच्या परीक्षेचं टेन्शन. परीक्षा झाली. फर्स्ट क्लास मिळाला. जेवण काही परत आलं नाही. अख्खा मे महिना ती स्वेटर घालून बसली होती. बांगड्या वर सरकवल्या की कोपरापर्यंत जातात. न्हाणीत केसांचा गुंता निघतो, तो आई गुपचूप उचलून टाकते. आणखी एक, तू नर्स आहेस म्हणून लिहिते, तिची पाळी हिवाळ्यापासून आलेली नाही.

आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. स्वच्छ आला. ‘वयात आलेल्या पोरी, असतात एकेक नखरे,’ म्हणाले आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्या तेवढ्या ती नेमानं घेते.

तुला माहीत नसेल, मी बी.ए.ला सायकॉलॉजी घेतलंय. आमच्या मॅडमनी परवा लायब्ररीतल्या नव्या पुस्तकातलं एक पान दाखवलं. आक्का, त्यात अंजीच लिहिलीय! स्वेटरसकट! मी धावत घरी आले, आण्णांना उभ्याउभ्या सगळं वाचून दाखवलं, मराठी करून करून. ते वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, ‘इंग्लिश पुस्तकातला रोग खासबागेत कुठनं यायचा?’ मी म्हणाले, आलाय. म्हणाले, ‘लेखी काय असंल तर दाखव. कागदावर. तोंडी मी ऐकत न्हाय.’

तर तुझ्या हॉस्पिटलात असली काही तपासणी असेल, प्रश्न विचारायची, मार्क काढायची, तर मला पाठव. कागद दिसला की आण्णा मानतील. एवढा एकच रस्ता आहे.

उत्तर कॉलेजच्या पत्त्यावर घाल. घरात तुझं नाव निघत नाही. कुणी विचारलं तर आण्णा ‘दोन पोरी’ म्हणतात. आई तेव्हा भिंतीकडं बघते. तू धारवाडच्या माणसाशी लग्न केलंस हे त्यांनी एक वेळ पचवलं असतं. रजिस्टरवर तू कन्नडमध्ये सही केलीस, ते अजून अडकलंय.

जया

२० जुलै १९८४

आक्का,

पाकीट मिळालं. सव्वीस प्रश्नांचा कागद आणि तुझी अर्धी ओळ, ‘एकटीला भरू दे. वीसच्या वर गेले तर कळव.’ खाली सहीसुद्धा नाही. चालेल. मी एवढी खूश झाले की त्याच दिवशी ट्रान्सलेट करायला बसले.

तिथंच अडकले. कॉन्व्हेंटात आपल्याला इंग्लिश शिकवलं, पण कुठं काय म्हणायचं ते मराठीत शिकवलं नाही. ‘गिल्टी’ला काय म्हणू? ‘अपराधी’ लिहिलं तर कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं. ‘डाएट’ला ‘पथ्य’ लिहिलं तर ते कावीळवाल्याचं झालं. मी खोडत होते, लिहीत होते, आणि अंजी पाठीमागं येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘चुकतंय तुझं.’

‘काय चुकतंय?’

‘“खाण्यावर नियंत्रण” कोण म्हणतं गं? “घास मोजून खाते” असं लिही. आणि इथं “खाल्ल्यावर अपराधी वाटतं” नको. “खाल्लं की स्वतःचा राग येतो” असं पाहिजे.’

मी तसं लिहिलं. आख्खा कागद तिनंच दुरुस्त करून दिला, आक्का. एकही शब्द तिला शोधावा लागला नाही.

मग तिला कोरा कागद दिला आणि तू लिहिलंस तसं एकटीला खोलीत बसवलं. मी दारातून बघितलं. परीक्षेत शेजारणीनं बघू नये म्हणून धरतात तसा डावा हात आडवा धरून लिहीत होती. खोलीत दुसरं कुणीही नसताना. प्रत्येक प्रश्नापुढं सहा घरं आहेत ना, ‘कायम’पासून ‘कधीच नाही’पर्यंत. कायमला तीन मार्क, मग दोन, मग एक, बाकीला शून्य. अंजीनं सगळीकडं ‘कधीच नाही’वर फुली मारली. फक्त गोड टाळते काय याला ‘बहुतेक वेळा’. एकूण दोन.

आण्णांनी चष्मा लावून कागद बघितला.

‘किती पैकी?’

‘वीसच्या वर गेलं की आजार धरायचा.’

‘आनि हिला दोन?’ आण्णांना हसू आलं. ‘आयुष्यात इतकं कमी मार्क पडलं न्हाईत हिला. आता पास म्हनायचं का नापास?’

‘कमी असलेलं बरं असतं, आण्णा.’

‘मग बरी हाय म्हन की.’

आणि कागदाची घडी घालून त्यांनी रेशनकार्डाच्या फाईलीत ठेवली. मी पुरावा आणायला गेलते. तो आता त्यांच्याकडं आहे, माझ्या विरुद्ध.

अंजी शेंगा सोलत बसली होती. सगळ्या सोलल्या. एक दाणा तोंडात टाकला नाही.

जया

२ सप्टेंबर १९८४

आक्का,

तुझं पत्र मिळालं, या वेळी चांगलं अर्धं पान. ‘हा कागद दार वाजवतो. आत कोणी आहे की नाही ते आतल्यानं सांगायचं असतं. अंजी सांगायला तयार नाही.’ वाचून मी एक दिवस कागदाला हात लावला नाही. पण आमच्या मॅडम म्हणाल्या, हे प्रश्न परदेशातल्या मुलींसाठी बांधलेत, आपल्याकडच्या बायका साधारण काय उत्तरं देतात हेच कुणाला माहीत नाही, तर दोनाला कमी म्हणायचं का जास्त? मला पटलं. आधी आपल्या गल्लीतलं साधारण काढू, मग अंजीचं त्याच्याशेजारी ठेवू, म्हणजे आण्णांना दिसेल.

कॉलेजच्या मशिनवर कागद छापून घेतले आणि यंत्रमागवाल्यांच्या गल्लीत शिरले. तिथं बऱ्याच बायकांना लिहिता येत नाही, म्हणून हाताखाली अंजीला घेतलं. आण्णाच म्हणाले, ‘ने तिला, वारं लागू दे जरा.’ मी वाचायचं, त्यांनी सांगायचं, अंजीनं फुली मारायची. कुणी एकटीला बसून सांगत नाही गं. एकीला विचारलं की चारजणी सुताच्या कांड्या भरता भरता ऐकतात आणि उत्तर सगळ्यांचं मिळून येतं. तानुबाई आठवते? आपल्या मतदार यादीत आण्णांनी जिचं वय तीनदा दुरुस्त केलतं ती. ती तर म्हणाली, ‘माझ्या सुनंला कशाला विचारतीस, ती बी तेच सांगनार.’

आणि काय निघालं असेल? सगळ्या वीसच्या वर! सगळ्या! भुकेलं असून जेवायचं टाळता काय, कायम. खाल्लं की स्वतःचा राग येतो काय, कायम. तानुबाई, जी आमच्यासमोर दोन भाकऱ्या आणि ठेच्याचा गोळा खाऊन ढेकर देऊन बसली, ती एकाहत्तर! आक्का, मला वाटतं ह्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांच्या शेवटी जेवतात, तेच हे असं बाहेर येतंय. मी मॅडमना सांगितलं, हे छापलं पाहिजे. मॅडम म्हणाल्या, ‘परत एकदा जाऊन विचार. एवढं एकसारखं असत नाही.’

त्या जळतात असं मला वाटलं.

हिशेबानं सांगायचं तर आज खासबागेतली सगळ्यात निरोगी बाई आपली अंजी आहे. घरी चालत येताना ती दोनदा कट्ट्यावर बसली. ‘चप्पल चावतेय,’ म्हणाली. बघितलं तर पायात जुनीच चप्पल.

जया

२३ सप्टेंबर १९८४

आक्का,

मागचं पत्र जाळून टाक. निदान कुणाला दाखवू नकोस.

मॅडम म्हणाल्या म्हणून मी आणि अंजी परत गेलो. लाईट गेलेली, माग बंद, गल्लीत कधी नव्हे ती शांतता. तानुबाई, तिची सून आणि शेजारच्या दोघी पायरीवर कांड्या घेऊन बसलेल्या. कागद बघून तानुबाई म्हणाली, ‘परत आलासा? का, मोजनीत कमी भरलं?’

‘कसली मोजणी?’

‘आता! मराठीची.’

मी हातातला कागद उलटून बघितला.

‘गुरुजींच्या घरचा कागद, त्यात मराठीतला,’ ती म्हणाली. ‘आमाला काय कळत न्हाय व्हय? ते भाकरीचं, घासाचं, वरवरचं. आत मोजायचं ते मोजत्यात. मागं शिरगणतीला गुरुजी सोता दारात बसून हुतं. काय म्हनलं हुतं? पोटभाषा-बिटभाषा काय न्हाय, मराठीच म्हनून ठाम सांगायचं, डळमळायचं न्हाय. डळमळलं की ते लोक कन्नडमधी घालत्यात.’

सून म्हणाली, ‘म्हनून आमी सगळ्याला कायम म्हनलं. कायम म्हंजे बळकट.’

‘कधी कधी म्हंजे गेलंच की ते मत,’ शेजारीण म्हणाली.

आक्का, मला हसावं का रडावं कळेना. महिनाभर मी ज्याचे तक्ते काढत होते, तो सीमाप्रश्न होता.

मी कागद गोळा करायला लागले. तेवढ्यात तानुबाईनं अंजीकडं बघितलं. ‘आनि हिचा भरलासा का?’

‘माझा घरी भरलाय,’ अंजी म्हणाली.

‘काय म्हनलीस?’

‘कधीच नाही.’

‘सगळ्याला?’

‘हूं.’

‘अगं बया!’ तानुबाईनं कांडी खाली ठेवली. ‘गुरुजींची पोर आनि कधीच न्हाय? बाकीच्या गल्लीनं काय करायचं मग? बस हितं. सर गं, जागा दे तिला. जया, काढ कोरा कागद. एक नाव फुकट घालवायचं न्हाय.’

त्यांना खरंच काळजी लागली होती गं. सुनेनं अंजीच्या हातात सुताचा गुंता दिला सोडवायला, कारण तिथं रिकाम्या हातानं कुणी बसत नाही. मी वाचायला लागले, त्यांचं मन मोडू नये म्हणून. अंजी पहिल्यांदा जरा नाटकी आवाजात ‘कायम’ म्हणाली. बायका खूश. ‘आस्सं!’ दुसऱ्यालाही कायम. तिला हसू आलं. अंजीला हसताना मी कधी बघितलं होतं ते आठवेना.

मग मी वाचलं, जाड होईन अशी भीती वाटते काय. ‘कायम,’ ती म्हणाली. हा आवाज नाटकी नव्हता.

मनात सारखं खाण्याचंच चालतं काय. ‘कायम. झोपेतसुद्धा.’

घास मोजून खाते काय. ‘कायम. आणि चुकले की पहिल्यापासून मोजते.’

मी पेन धरून नुसती बघत होते. बायकांनी मान वर केली नाही. त्यांच्या लेखी ती बरोबर उत्तरं देत होती. तानुबाई म्हणाली, ‘फुडं.’

पुढं प्रश्न होता, घरचे जेवायला जबरदस्ती करतात असं वाटतं काय. अंजी सुताचा गुंता सोडवत म्हणाली, ‘नाही. आता कुणी करत नाही.’

‘न्हाय कसं?’ तानुबाईला ते न्हाय नको होतं. ती मत वाचवायला बघत होती. ‘बरं, करावी असं वाटतंय का? ते तर सांग.’

अंजीनं गुंत्यातली एक गाठ सोडवली. मग म्हणाली, ‘कधी कधी.’

‘कधी कधी न्हाय म्हनायचं, सांगितलं न्हवं मघाशी? बळकट सांग.’

‘कायम,’ अंजी म्हणाली. आणि परत एकदा, कुणी न विचारता, ‘कायम.’

तानुबाई म्हणाली, ‘हां. झालं बघ. आता गावली तू मोजनीत.’

लाईट आली. माग सुरू झाले. त्यानंतर कुणाचं काही ऐकू आलं नाही.

मी घरी येऊन बेरीज केली. अडुसष्ट. तानुबाईपेक्षा तीन कमी. कागदावर दोघींत काडीचा फरक नाही, आक्का. जे ऐकलं ते मी आण्णांना कसं दाखवू?

जया

११ नोव्हेंबर १९८४

आक्का,

दमले मी. पत्र लिहायला घेते आणि तारीख घालून ठेवून देते. तू दोनदा लिहिलंस ‘घेऊन ये’, आणि मी उत्तर दिलं नाही, कारण आणायचं हे कुणी ठरवायचं?

आण्णांना मी तो कागद दाखवला, सगळ्या गल्लीच्या कागदांसकट. बायकांनी काय समजून भरले तेही सांगितलं, लपवण्यात अर्थ नव्हता. आधी त्यांचा चेहरा खुलला, आपली माणसं किती पक्की आहेत म्हणून. मग लगेच पडला. ‘असं खोटं भरा म्हनून मी कधी सांगितलं? मी खरं लिवा म्हनत हुतो.’ कागद खालीवर करत बसले. शेवटी अंजीचा काढून म्हणाले, ‘हिनंबी त्यांच्यात बसून भरलाय. म्हंजे हिनंबी मतच दिलंय. ह्याला काय किंमत देऊ?’

त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येईना.

निपाणीहून आत्या आली. ‘लग्न करा, सासू खायला घालंल,’ म्हणून गेली. आई रोज काहीतरी नवीन करते, कधी शेवया, कधी वांगं भाजून, आणि ताट उचलताना काही बोलत नाही. ताट उचलायचा आवाज आता आपल्या घरात फार मोठा येतो.

गेल्या रविवारी अंजी नळावर पडली. घागर रिकामीच होती. तिच्या काठावर आपटून ओठ फुटला. आण्णा पळत आले, खाली वाकले आणि मोठ्या माणसाला उचलायला लागतो तेवढा जोर लावला. ती एकदम वर आली. आण्णा मागं तोल जाऊन पडता पडता राहिले. नळावरच्या बायका बघत होत्या. आण्णा तिला घेऊन तसेच उभे होते, घराकडं चालायचं विसरून.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या टेबलासमोर स्टुलावर बसले. तुला माहीत आहे ते स्टूल. गावची माणसं फॉर्म भरून घ्यायला त्यावर बसतात, आण्णा विचारतात, ती सांगतात, आण्णा लिहितात. मी म्हणाले, ‘आण्णा, उठा. तुम्ही इकडं बसा.’

‘का?’

‘फॉर्म भरायचाय. तुम्ही सांगा, मी लिहिते.’

‘कुनाचा?’

‘तुमचा. अंजीबद्दल. तिच्याबद्दल तुम्हाला जे दिसतं तेवढंच सांगा. माझं ऐकू नका, पुस्तकाचं ऐकू नका.’

ते उठले, आक्का. स्टुलावर बसले. आजवर त्यांचा फॉर्म कुणी भरलेला नाही, त्यांना हात कुठं ठेवायचे कळेना. गुडघ्यावर ठेवले.

मी ‘तुम्ही’चं ‘ती’ करत वाचायला लागले. घासाचे बारीक तुकडे करते काय. ‘कायम.’ जेवायच्या वेळेला काहीतरी काम काढून उठते काय. ‘कायम. दिवाबत्ती, मांजर, काय न काय.’ घरातल्यांना वाढते पण आपण खात नाही. ‘कायम. मला तर तिसरी भाकरी जबरदस्तीनं वाढती, आनि मी खातो.’ सगळं माहीत होतं त्यांना. आम्हाला वाटायचं ते पेपर वाचतायत.

मग मी विचारलं, ती फार बारीक झालीय असं घरच्यांना वाटतं काय.

‘घरच्यांना म्हंजे कुनाला? तिथं नाव लिव.’

‘कुणाचं?’

‘माझं लिव.’

संपल्यावर त्यांनी कागद ओढून घेतला आणि लाल पेनानं स्वतः बेरीज केली. दोनदा. दुसऱ्यांदा खालून वर, शाळेत शिकवतात तशी. पास की नापास हे विचारलं नाही. रेशनकार्डाच्या फाईलीतून तो दोन मार्कांचा कागद काढला, हा त्याच्यावर ठेवला, टाचणी लावली.

मग म्हणाले, ‘तिथला फॉर्म कन्नडमधीच आसंल.’

‘हो, आण्णा.’

‘धारवाडला पयली गाडी कवा हाय?’

जया

धारवाड
२८ नोव्हेंबर १९८४

आक्का,

हे पत्र तुझ्या वॉर्डातल्या सिस्टरकडं देऊन ठेवतेय. तू सासरच्या लग्नाला गदगला गेलीयस, परवा येशील, असं त्या म्हणाल्या. आम्ही येतोय असं कार्ड टाकलं होतं, ते तुझ्या दारात आतच पडलं असेल.

यायला मधे इतके दिवस गेले कारण अंजी तयार नव्हती. शेवटी तानुबाई आली आणि म्हणाली, ‘जा गं, तिकडं बी आपलं एक मानूस मोजायला पायजे.’ ती अजून तेच समजते. मी सोडून दिलं.

गाडीत आण्णा खिडकीशी बसले होते. कंडक्टर कन्नडमध्ये बोलला, आण्णांनी मराठीत उत्तर दिलं, नेहमीसारखं. मला वाटलं, झालं, हेच आता दिवसभर.

इथं खिडकीतल्या क्लार्कनं फॉर्म पुढं सरकवला. सगळा कन्नड. मी म्हणाले, द्या, मी वाचून सांगते. आण्णा म्हणाले, ‘थांब.’ क्लार्ककडं बघून म्हणाले, ‘नीवे केळ्री, हेळतीनी.’ तुम्हीच विचारा, मी सांगतो. मी त्यांच्या तोंडून आयुष्यात कन्नड ऐकलं नव्हतं, आक्का. त्यांना येतं हेच माहीत नव्हतं. तू शिकलीस ती शेजारणीकडून शिकलीस असं मी समजत होते.

क्लार्क विचारत गेला. नाव, वय, कधीपासून. आण्णा सांगत गेले. मग त्यानं विचारलं, ‘हेण्णमक्कळु एष्ट मंदी?’ मुली किती. ‘दोन’ माझ्याच ओठावर आलं होतं, सवयीनं.

आण्णा म्हणाले, ‘मूर मंदी.’

तीन, आक्का.

थोरली काय करते, त्यानं विचारलं. सरकारी नोकरी, आण्णा म्हणाले. इथं गावात ओळखीचं कुणी, पत्ता. आण्णांनी तुझा पत्ता सांगितला. क्वार्टरच्या नंबरासकट, न अडखळता. मी त्यांना तो कधीच सांगितलेला नाही. क्लार्क मान वर करून म्हणाला, ‘इंदू सिस्टर?’ आण्णांनी सही कुठं करायची ते विचारलं. मराठीत केली, फळ्यावर काढतात तेवढी मोठी. क्लार्कनं ती बघितली आणि शिक्का मारला.

आता कामाचं. इथल्या डॉक्टरांनी अंजीला तोच सव्वीस प्रश्नांचा कागद दिला, इंग्लिशमध्ये. चांगले आहेत ते, मराठी येत नाही एवढंच. तिनं परत हात आडवा धरला. मी पलीकडून बघितलं, कधीच नाही, कधीच नाही, खाली खालीपर्यंत. एवढं सगळं करून आम्ही पुन्हा दोनावर.

म्हणून तुला लिहितेय. ती एकटीला बसवली की लिहीत नाही. तिला चार बायकांत बसव. हातात काहीतरी दे, बँडेज गुंडाळायला दे, नाहीतर गाठी सोडवायला. तिच्याकडं बघू नकोस. आणि मग विचार. ‘कधी कधी’ म्हणाली तर तिथं थांबू नकोस. डॉक्टरांना आण्णांचा कागद दाखव, टाचणी लावलेला, तो माझ्याकडून त्यांच्या फाईलीत गेलाय. भाषा मराठी आहे, तूच वाचून दाखवायला पाहिजेस.

ती खिडकीजवळच्या खाटेवर आहे. दुपारी अर्धा पेला दूध घेतलं आणि मग भिंतीकडं तोंड करून झोपली. झोपली असेल असं मी धरून चालते.

मला उद्या परतायचंय, आई एकटी आहे. आण्णा मात्र जायचं नाव काढत नाहीत. दुपारपासून गेटजवळच्या बाकावर बसलेत, तुझ्या क्वार्टरकडं तोंड करून. मी दोनदा आत बोलवायला गेले. म्हणाले, ‘बसतो जरा. ऊन चांगलं हाय हितं.’

त्या बाकावर ऊन येत नाही.

जया